कुंपणावरचं लाल कापड

अंबरनाथ (पूर्व),
६ जानेवारी २०२५

ती. दादास,
उमाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. बदलापूर म्हणजे आमच्या शेजारचं स्टेशन, पण टपाल चारधाम करून येतं. फोनवर तुला ऐकू येत नाही, कानाचं मशीन तू कपाटात ठेवतोस, मोबाइलवर लिही म्हटलं तर म्हणे बोटं जाड. त्यामुळे ह्या वयात मला पुन्हा पत्रं लिहायला बसवलंस. संजीवनीवहिनीचं म्हणणं असं, की मशीन घातलं की तुला तिचंही ऐकावं लागतं म्हणून तू ते घालत नाहीस. मला ते पटलं.

राजसीचं एक काम आहे. तुझ्या भाच्याच्या, उन्मेषच्या लेकीला उल्हासनगरच्या कॉलेजात प्रोजेक्ट दिलंय. कम्युनिस्टांच्या भीतीपायी अमेरिका व्हिएतनामच्या लढाईत कशी ओढली गेली, ते लिहायचंय. नेटवर सगळं आहे म्हणते, पण वाचून डोक्यात काही राहत नाही म्हणते. मी म्हटलं, मामाआजोबांनी जन्मभर इतिहास शिकवला, त्यांना विचार. तेवढंच तुला काम, नाहीतर दिवसभर खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चुका काढतोस.

बाकी उन्मेषचं बरं चाललं नाही. तो मॅनेजर आहे त्या कंपनीत कटकट आहे. तिथे कपड्याचा रंग बनतो, हे तुला माहीतच आहे. मोरिवली गावची पोरं कंत्राटावर कामाला आहेत, त्यात तुझा प्रज्वल. आठवीत तुझ्या वर्गात होता आणि तूच उन्मेषच्या मागे लागून त्याला चिकटवलंस. तो आता सगळ्यांच्या वतीने बोलायला लागलाय. मागणं काय, तर हातपाय धुवायला गरम पाणी आणि साबण. तो लाल रंग थंड पाण्याने निघत नाही. शिफ्ट सुटली की रिक्षावाला सीटवर पेपर पसरून मगच त्यांना बसू देतो. प्रज्वलची धाकटी लेक त्याच्या हातचा घास घेत नाही, तिला ते रक्त वाटतं. हे मला त्याच्या आईने, विठाने सांगितलं. ती अजून भाजीची पाटी घेऊन आपल्याकडे येते, चहा घेते, गुडघ्यांची गाऱ्हाणी आम्ही एकमेकींना सांगतो.

मी उन्मेषला म्हटलं, एक गीझर बसव आणि मोकळा हो. तो म्हणाला की आई, तुला नाही कळत, आज गरम पाणी दिलं की उद्या बस मागतील, परवा पर्मनंट करा म्हणतील. लेक पन्नाशीला आला की त्याच्याशी वाद घालायचं त्राण आईत उरत नाही. तू मामा आहेस, दोन ओळी लिहून बघ.

लोभ वाढवू नकोस, सांभाळायला झेपत नाही. आहे तेवढा राहू दे.
तुझी,
उमा

बदलापूर,
१५ जानेवारी २०२५

चि. राजसीस,
मामाआजोबांचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आजीचं पत्र मिळालं. आमच्या वेळी पुस्तकात ह्या प्रकरणाला एक परिच्छेद होता आणि तो शिकवायला एक तास, त्यातही हजेरी घ्यायची. मनासारखं सांगता कधीच आलं नाही. आता तू सापडली आहेस, तेव्हा सोस.

व्हिएतनाम ही फ्रान्सची वसाहत. दुसऱ्या महायुद्धात तिथे जपानने पाय रोवले. हो चि मिन्हची माणसं जंगलातून जपान्यांशी झुंजत होती आणि त्यांना बंदुका चालवायला शिकवायला, औषधं द्यायला आली होती ती अमेरिकेच्याच गुप्तचर खात्याची माणसं. म्हणजे दोघं अनोळखी नव्हते, हे आधी लिही. १९४५च्या सप्टेंबरात हनोईत स्वातंत्र्य जाहीर झालं, तेव्हा हो चि मिन्हने भाषणाची सुरुवातच अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातल्या ओळीने केली. मग अमेरिकेच्या अध्यक्षांना पत्रं लिहिली, तारा केल्या, की फ्रेंचांना परत येऊ देऊ नका. एकाचंही उत्तर आलं नाही.

तो कम्युनिस्ट होता का? होता. ते लपवू नकोस, परीक्षक पकडतील आणि पकडायलाच हवं. पण त्याच्यामागे जे लोक गेले, ते काही जाडजूड पोथ्या वाचून गेले नव्हते. फ्रेंच साहेब घरातून जावा म्हणून गेले. अमेरिकेला पहिली गोष्ट ऐकू आली, दुसरी आली नाही. मी बहिरा आहे, त्यामुळे ह्यातलं मला थोडं समजतं. जे ऐकायचं नसतं, तेच आधी ऐकू येईनासं होतं.

पुढे चीन कम्युनिस्टांच्या हाती गेला, लगेच कोरियात लढाई पेटली. वॉशिंग्टनात घबराट उडाली, आणि चीन कुणामुळे हातचा गेला ह्यावरून एकमेकांची उणीदुणी निघू लागली. तिथल्या पुढाऱ्यांना कम्युनिस्टांची भीती होतीच, पण आपल्याला घरचे लोक नेभळट म्हणतील ही भीती त्याहून मोठी होती. हे वाक्य अधोरेखित कर. फ्रान्स आपली वसाहत परत मिळवायला लढत होता आणि त्या लढाईचा बहुतेक खर्च अमेरिका उचलत होती. जिने स्वतः साहेबाशी लढून स्वातंत्र्य मिळवलं, तिने दुसऱ्या साहेबाचं बिल भरलं.

१९५४ साली फ्रेंच हरले. देशाचे तात्पुरते दोन भाग करायचे आणि दोन वर्षांनी निवडणूक घेऊन जोडायचे असं ठरलं. देखरेख करणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, तेही लिही, पोरांना माहीत नसतं. निवडणूक झालीच नाही, कारण कोण निवडून येणार ते सगळ्यांना दिसत होतं. दक्षिणेतल्या सरकारने नकार दिला आणि अमेरिका त्याच्या पाठीशी उभी राहिली.

अमेरिका दुष्ट होती असं मात्र लिहू नकोस. त्याला मार्क मिळतात, पण उत्तर इतकं सोपं नाही. ती घाबरलेली होती आणि बलाढ्य होती, आणि ह्या दोन गोष्टी एका अंगात आल्या की आजूबाजूच्यांचं काही खरं नसतं. हात भरून आला, पुढचं नंतर लिहितो. आजीला सांग, उन्मेषला लिहायचं माझ्या लक्षात आहे.

तुझ्या अभ्यासाइतकीच तुझी माया आमच्यावर असो, म्हणजे फार नको.
मामाआजोबा

अंबरनाथ,
३ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
उमाचा शि. सा. न. वि. वि.

तू उन्मेषला लिहिलं नाहीस. तुझ्या लक्षात होतं म्हणे. आता ऐक.

पोरांनी गेल्या महिन्यात रीतसर अर्ज दिला. प्रज्वलनेच लिहिला. गेटवर कंपनीची पाटी आहे ना, कामगारांचं आरोग्य हीच आमची कमाई, अशी, त्याने तीच ओळ वर घातली आणि खाली गरम पाणी मागितलं. उन्मेषने वाचला आणि टेबलाच्या खणात टाकला. दोनदा विचारायला आले, बघतो म्हणाला. बघितलं नाही.

शेठ बसतात मुंबईत, तिथून सगळा कारभार, उंटावरून शेळ्या हाकल्यासारखा. त्यांच्या वडिलांचा कारखाना म्हणे लाल बावट्याच्या संपात कायमचा बंद पडला. लहानपणी पाहिलेलं, ती धास्ती मनात बसलीय. त्यांचं दुसरं युनिट तुमच्या बदलापूरला. ते उन्मेषला रोज फोनवर सांगतात की इथे एकदा युनियन घुसली की बदलापूर जाईल, बदलापूर गेलं की बाकीची युनिटं जातील, माझं सगळंच जाईल. गरम पाण्यावरून माणूस एवढ्या लांब गेला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते हेच.

मग त्यांनी एका सिक्युरिटी एजन्सीची दोन माणसं पाठवली. सल्ला द्यायला. उन्मेष मला म्हणाला की नुसते बघणार आहेत, काही करणार नाहीत. चांगले इस्त्रीचे शर्ट घातलेले, चहाला आपल्याकडेही येऊन गेले. एकाने मला नमस्कार केला, तेव्हा मलाही बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

आठवड्यापूर्वी त्यांना कंपनीच्या पुढच्या कुंपणावर लाल कापड लटकलेलं दिसलं. फोटो काढून सरळ शेठला पाठवला, की झेंडा लागला. दुसऱ्या दिवशी दोन गाड्या भरून काळे टी-शर्टवाले बाउन्सर आले. आता गेट त्यांच्या ताब्यात आहे. प्रज्वलला बाहेर ठेवलंय, चौकशी होईपर्यंत. चौकशी कोण करणार, तर तीच इस्त्रीच्या शर्टांची माणसं.

विठा काल आली होती. ती म्हणाली की ताई, झेंडा कसला घेऊन बसलात, माझा पोरगा गणपतीच्या मंडळातसुद्धा वर्गणी देऊन घरी येतो. रडली नाही. चहा ठेवू का विचारलं तर नको म्हणाली, आणि भाजीचे पैसे मोजून घेऊन गेली. दादा, एवढ्या वर्षांत तिने कधी पैसे मोजले नव्हते.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मला दुसरं काही नको. प्रज्वल आत परत जाऊ दे आणि उन्मेषच्या हातून कुणाच्या पोटावर पाय पडायला नको. आतातरी लिही.

आळस सोडून जेवढा लोभ करता येईल तेवढा करावा.
उमा

बदलापूर,
८ फेब्रुवारी २०२५

चि. उमास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दिवसभर बसून राहिलो. तुझ्या वहिनीने जेवायला हाक मारली, ती खरंच ऐकू आली नाही.

प्रज्वलने अर्जात पाटीवरची ओळ वापरली असं लिहिलंस. ते मी शिकवलेलं आहे. वर्गात सांगत असे, की मागायचं तर देणाऱ्याच्याच तोंडचे शब्द घेऊन मागा, मग त्याला नाही म्हणता येत नाही. चुकीचं शिकवलं. त्याला म्हणता येतं, आणि नाही म्हणायचीसुद्धा गरज पडत नाही, खण उघडा असला की पुरे.

इतिहासाचे दाखले घरच्या भांडणाला लावू नयेत, हेही मीच शिकवत आलो. मोरिवली म्हणजे व्हिएतनाम नव्हे आणि तुझा उन्मेष कुठल्या देशाचा अध्यक्ष नव्हे, त्याला घरी कोथिंबीर आणायला कुणी पाठवत नाही एवढाच काय तो त्याचा मान. पण शेठचं ते अंबरनाथ, मग बदलापूर, मग बाकी सगळं, हे मी आधी वाचलेलं आहे. अमेरिकेच्या अध्यक्षांनी १९५४ साली हेच सांगितलं होतं, की एक देश पडला की डॉमिनोच्या रांगेतल्या विटांसारखे एकामागून एक सगळे पडतील. विटा म्हटलं की झालं. विटेला स्वतःचं घर नसतं, जुनं भांडण नसतं, हाताला लागलेला रंग नसतो. तिने फक्त पडायचं असतं.

आधी सल्लागार येतात, हेही खरं. ते नेहमीच नुसते बघायला येतात.

उन्मेषला मी ह्या आठवड्यात लिहितो. त्याआधी मला एवढं कळव, ते कापड तिथे लावलं कुणी? झेंडा असता तर लावणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं असतं. कुणीच पुढे येत नाही म्हणजे गोष्ट वेगळी आहे.

म्हाताऱ्या भावावर रागावलीस तरी चालेल, अबोला धरू नकोस, मला ऐकू येण्यासारखं आता तेवढंच उरलंय.
दादा

अंबरनाथ,
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय मामाआजोबा,
सा. न. (आजीने लिहायला लावलं, पण मनापासून आहे.)

प्रोजेक्ट एकदम मस्त चाललंय, पण टोंकिनवर अडकले. काल जेवताना मी पप्पांना तेच सांगत होते. १९६४ मध्ये अमेरिकेची जहाजं तिकडच्या आखातात होती. एकदा त्यांच्यावर खरंच हल्ला झाला. दोन दिवसांनी पुन्हा झाला असं वाटलं, पण रात्र होती, हवा खराब होती, यंत्रावर काहीतरी भलतंच दिसत होतं. जहाजावरच्या कमांडरनेच नंतर कळवलं की खात्री नाही, आधी नीट बघा. पण वर कुणी थांबलं नाही. लगेच विमानं पाठवली, दोनेक दिवसांत संसदेत ठराव पास, लढायची फुल परमिशन. पप्पांनी हातातला घास ताटात ठेवला आणि उठून गेले. मला वाटलं मी काही चुकीचं बोलले.

आज मला स्टेशनजवळ प्रज्वलदादा भेटला. त्याने मला खरं काय ते सांगितलं. ते फिल्टर प्रेसचं कापड होतं. रंगाचा गाळ त्या जाड कापडातून दाबून काढतात, मग कापड धुऊन वाळत टाकतात, रोजचंच काम. नेहमी मागच्या अंगणात टाकतात, पण तिथे सध्या ड्रम रचलेत, म्हणून त्या दिवशी पुढच्या कुंपणावर टाकलं. लाल रंगाची बॅच होती म्हणून लाल. पिवळ्याची असती तर काहीच लफडा झाला नसता.

आता मला सांगा, एजन्सीवाल्यांना नाही कळलं, ठीक आहे, ते बाहेरचे. पण पप्पा ट्रेनी होते तेव्हा हेच कापड धुवायचे, आजीच सांगते. पप्पांना फोटो बघून कळलं नसेल?

मी कोणाला विचारू, म्हणून तुम्हाला विचारतेय. माया असू द्या, आणि आजीला हे कळू देऊ नका.
तुमची,
राजसी

बदलापूर,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. उन्मेष यास,
मामाचे अ. उ. आशीर्वाद.

तुला लिहायला उशीर केला. तुझ्या आईने पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच लिहिलं असतं तर दोन ओळींत भागलं असतं. आता लांबेल, रागावू नकोस.

तू नव्याने कामाला लागलास तेव्हा पहिल्या रविवारी आमच्याकडे आला होतास. तुझ्या हातांकडे बघून तुझ्या मामीने तुला डाळीचं पीठ आणि गरम पाणी दिलं होतं आणि मोरीत बसून तू बराच वेळ हात चोळत होतास. तेव्हा तू फिल्टरची कापडं धूत होतास. फोटोत कुंपणावर काय आहे, ते तुला क्षणात कळलं असणार. मला कुणी सांगितलं ते विचारू नकोस, मी मास्तर होतो, मला पोरांचे चेहरे न बघताही कळतं.

मी तुला भेकड म्हणणार नाही. तुझ्या वयाच्या माणसाला नोकरी गेली तर दुसरी कोण देतं, हे मलाही समजतं. पण राजसीला जो इतिहास लिहून पाठवतोय, त्यातला एक भाग तिला लिहिला नाही, तो तुला सांगतो. ज्यांनी लढाई वाढवली, त्यातल्या पुष्कळांना आतून ठाऊक होतं की ही आपल्याला जिंकता येणारी नाही. ते एकमेकांशी फोनवर तसं बोललेही. तरी माणसं पाठवत राहिले, सोळा हजार सल्लागारांचे पाच लाखांवर सैनिक झाले, कारण आपण चुकलो हे सांगायची वेळ काल होती आणि आज ते सांगणं कालच्याहून अवघड होतं. शेवटी अठ्ठावन्न हजार त्यांची मुलं गेली. व्हिएतनामची किती गेली ते धड कुणालाच मोजता आलं नाही, वीस-तीस लाख म्हणतात. आणि ज्या कम्युनिस्ट जुटीला घाबरून हे सगळं केलं, त्यातले चीन आणि व्हिएतनाम लढाई संपल्यावर चार वर्षांत एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले. जूट होती ती घाबरणाऱ्यांच्या डोक्यात होती.

आणखी एक. त्यांचं ऐकून घेणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून व्हिएतनामी लोक मॉस्को-पेकिंगच्या दाराशी जास्त जास्त जात राहिले. प्रज्वलला तू दारातून परत पाठवलंस तर तो कुठे जाईल, ह्याचा विचार कर.

शेठला एक फोन कर. कापड होतं, माझ्या लक्षात यायला वेळ लागला, असं म्हण. खोटं बोललास तरी चालेल, पण कर. आज केलास तर फार तर तुझा अपमान होईल.

तुझ्यावरचा लोभ ह्या पत्राने कमी झाला असं समजू नकोस.
तुझा,
दिनानाथमामा

अंबरनाथ,
२३ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
उन्मेषचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मला एकवीस तारखेला मिळालं. जे व्हायचं ते वीसला झालं होतं.

फोटो माझ्या मोबाइलवर आला तेव्हा बघताक्षणी कळलं, हे खरं आहे. शेठना मेसेज टाइपसुद्धा केला. तेवढ्यात त्यांचा फोन आला. म्हणाले की उन्मेष, तू वेळीच सावध केलंस म्हणून मी वाचलो. मी त्यांना काही सावध केलं नव्हतं. पण मामा, बावीस वर्षांत त्या माणसाने मला पहिल्यांदा चांगलं म्हटलं होतं. मी मेसेज पुसला. वाटलं, दोन दिवसांत आपोआप थंड होईल. शिवाय खरं सांगितलं असतं तर खणातला अर्जही बाहेर आला असता.

वीसला सकाळच्या शिफ्टला पोरं प्रज्वलला आत घ्या म्हणून गेटवर थांबली. घोषणा नाही, काही नाही. एजन्सीच्या एकाने ढकललं, दुसऱ्याने दांडा चालवला. प्रज्वलच्या डोक्याला टाके पडले. मी केबिनच्या खिडकीतून पाहिलं. खाली उतरेपर्यंत संपलं होतं. त्याला रिक्षात मीच घातलं, पण तो माझ्याकडे बघत नव्हता.

त्या सगळ्यांनाच बाहेर ठेवलं, आणि त्याच संध्याकाळी पोरं युनियनच्या ऑफिसात गेली. तुम्ही लिहिलं होतं तसंच. आता गेटवर खरा लाल बावटा आहे, काठीवर, मोठा. शेठ म्हणतात की बघ, मी म्हणालो नव्हतो?

आता मला माझ्याच कंपनीत शिरताना एजन्सीचा पास दाखवावा लागतो. हो, गीझर आला. बाउन्सरांच्या खोलीत बसवला, रात्रपाळीला गार पाण्याने त्यांचे हाल होतात म्हणून. ऑर्डरवर सही माझी आहे.

झोप येत नाही. आईशी बोलणं होत नाही, राजसी समोर आली की मीच उठून जातो. मला प्रज्वलशी बोलायचंय. तो माझ्याकडे येणार नाही, पण आईला नाही म्हणणार नाही. तिला तुम्ही सांगा, माझी जीभ उचलत नाही.

माझ्यावर माया ठेवा असं म्हणायचा हक्क मला आहे की नाही, ते तुम्हीच ठरवा.
आपला,
उन्मेष

अंबरनाथ,
५ मार्च २०२५

ती. दादास,
उमाचा शि. सा. न. वि. वि.

तुझी चिठ्ठी आली आणि मी दुसऱ्याच दिवशी रिक्षा करून मोरिवलीला गेले. विठा दारात तांदूळ निवडत होती. मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, पण सूप खाली ठेवलं नाही. मी सगळं सांगितलं, कापडाचंही. ती म्हणाली की ताई, हे तर आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, तुमच्याच घरात उशिरा पोचलं. मग म्हणाली की तुम्ही जिना उतरून आलात, आता मी पोराला अडवत नाही.

काल संध्याकाळी प्रज्वल आला. डोक्याला पट्टी, केस अर्धे कापलेले. चप्पल बाहेर काढली, माझ्या पाया पडला, नेहमीसारखा. तुझी तब्येत विचारली, सरांना ऐकू येतं का अजून, म्हणाला. मी म्हटलं, हवं तेवढं येतं.

उन्मेष आतून बाहेर आला आणि त्याने सरळ माफी मागितली. दादा, मला वाटलं होतं आधी काहीतरी कारणं सांगेल. सांगितली नाहीत. अर्ज खणात टाकला हे म्हणाला, फोटोचं म्हणाला. मग म्हणाला की गरम पाणी, साबण, बाहेर ठेवलेली सगळी पोरं उद्या आत, मी लिहून देतो. प्रज्वलचे डोळे भरले. तो म्हणाला की साहेब, मला तरी दुसरं काय हवं होतं. मी आत चहा टाकायला गेले आणि ओट्याशी उभी राहून चांगली रडले. वाटलं, सुटलो एकदाचे.

बाहेर आले. उन्मेष म्हणाला की फक्त शेठना एकदा विचारायला हवं, कारण आता एजन्सीला विचारल्याशिवाय कामगारांशी बोलायचं नाही असा त्यांचा हुकूम आहे. प्रज्वल म्हणाला की मलाही युनियनला विचारावं लागेल, आता एकट्याने मिटवता येत नाही, तशी सही दिलीय. उन्मेष फोन लावायला गॅलरीत गेला, प्रज्वल जिन्यात. मी मधे चहाचा ट्रे घेऊन उभी. दोघांचंही बोलणं ऐकू येत होतं आणि दादा, दोघंही सारखंच बोलत होते. की अहो, मिटतंय, समोरचा माणूस तयार आहे, आमचं भांडण नाही.

उन्मेष आधी आत आला. शेठ म्हणाले की एजन्सीशी वर्षाचा करार झालाय, आता वाकलो तर बदलापूरवाले डोक्यावर बसतील. मग प्रज्वल आला. त्याला तिकडून सांगितलं होतं की बदलापूरच्या युनिटवरही परवा झेंडा लागतोय, आता मधेच एका गीझरवर तडजोड केली तर त्या पोरांना तोंड काय दाखवणार. ओसरी दिली की माणूस हातपाय पसरतो म्हणतात. इथे एकाने एजन्सीला, दुसऱ्याने युनियनला ओसरी दिली आणि घरवाले अंगणात.

कुणी कुणावर रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. दोघांनी गार झालेला चहा घेतला. प्रज्वलने आपली कपबशी आत नेऊन विसळली, नको म्हटलं तरी. जाताना त्याने उन्मेषला सांगितलं की सोमवारी गेटवर मोठा मोर्चा आहे, तुम्ही त्या दिवशी खाली उतरू नका, वरच थांबा. उन्मेष म्हणाला की एजन्सीची आणखी माणसं येतायत, तू पुढे राहू नकोस, टाके ओले आहेत. प्रज्वल म्हणाला की पुढे राहावंच लागेल, झेंडा माझ्या हातात दिलाय. उन्मेष म्हणाला की मलाही खाली उतरावंच लागेल.

मग उन्मेष त्याला सोडायला खालपर्यंत गेला. मी गॅलरीतून बघत होते. रिक्षा मिळेपर्यंत दोघं शेजारी शेजारी उभे होते.

कानाचं मशीन सोमवारी घालून ठेव. मी फोन करीन.
तुझ्या लोभाची आता खरोखर गरज असलेली,
उमा